चार्जर काढला का?

५००० एमएएच बॅटरीचा साधा मोबाईल रोज शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत चार्ज केला आणि हे वर्षभर चाललं, तर किती युनिट वीज लागत असेल? ओळखीतल्या बऱ्याच जणांना मी हे विचारून पाहिलं. कुणी पन्नास म्हणालं, कुणी दोनशे. शेजारच्या काकांनी तर नीट विचार करून पाचशे सांगितले. खरं उत्तर नऊच्या आसपास येतं. एवढ्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. चार्जर तापतो, फोन तापतो, त्यात थोडी जाते. ती धरून २५ म्हणू. गुणिले ३६५, भागिले हजार. झाले नऊ युनिट. मे महिन्यातल्या ठाण्याच्या घामट रात्री बेडरूममधला दीड टनाचा एसी झोपल्यापासून उठेपर्यंत जेवढी वीज ओढतो, जवळजवळ तेवढ्यात मोबाईलचं वर्ष निघतं.

हा हिशेब मी मांडला तो सासूबाईंमुळे. रात्री पडण्याआधी त्या घरभर एक चक्कर मारतात. गॅस, नळ, दाराची कडी, आणि मग प्रत्येकाच्या उशाशी येऊन, "चार्जर काढलास का गं? बटण बंद केलंस?" नातवाचा चार्जर त्या स्वतःच काढून, वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवतात. त्यांच्या या चौकशीचा मला कधी राग आला नाही. नौपाड्यातल्या दोन खोल्यांत त्यांनी संसार केला. एका खोलीत माणूस नसताना साठचा बल्ब जळत राहिला, तर तो गुन्हा होता. पुढे २००५ नंतरची लोडशेडिंगची वर्षंही त्यांनी ठाण्यातच काढली. मुंबईत दिवे चालू असायचे आणि इथे लाईट जाण्याच्या वेळा बघून कुकर, मिक्सर, इस्त्री आणि पंपाचं पाणी यांचं वेळापत्रक बसवावं लागायचं. वीज ही जपून वापरायची वस्तू आहे हे त्यांच्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही.

मला वाटतं ती वृत्ती आजही सोळा आणे खरी आहे. बदललंय ते एवढंच, की जिथे आपण डोळ्यांत तेल घालून बसलोय तिथे आता फारसं काही वाचण्यासारखं उरलेलं नाही, आणि जिथून खरंच वाहून जातंय तिकडे कुणाची नजर नाही. साठच्या बल्बच्या जागी नऊ वॉटचा एलईडी आला. जुना छताचा पंखा पंचाहत्तर वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तीस-पस्तीसमध्ये तेवढाच वारा देतो. पण आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली वायफायचा राउटर आहे, तो दिवसरात्र चालू. आठ-दहा वॉटच, पण चोवीस तास धरले तर महिन्याला सहा-सात युनिट. म्हणजे मोबाईल वर्षभरात जेवढं खातो, तेवढं राउटर दीडेक महिन्यात संपवतो. त्याच्याशेजारी सेट-टॉप बॉक्स. रिमोटने टीव्ही बंद केला, लाल दिवा लागला, की आपण समाधानाने उठतो. अनेक खोके त्या लाल दिव्याच्या अवस्थेतही चालू असताना लागते त्याच्या जवळपास वीज घेत असतात. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. सकाळी पहिल्या माणसाने बटण दाबलं आणि शेवटच्या माणसाची आंघोळ होईपर्यंत ते तसंच राहिलं, असं किती घरांत होतं!

महावितरणच्या बिलात घरगुती दराचे टप्पे असतात: शंभर युनिटपर्यंत, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत आणि त्यापुढे. तीनशे एक झाले की सगळंच बिल महाग होतं अशी एक समजूत मी वारंवार ऐकते. तसं होत नाही. वरच्या युनिटांना वरचा दर लागतो, खालच्यांना खालचाच. पण म्हणूनच उन्हाळ्यात वाचवलेलं प्रत्येक युनिट हे सगळ्यात महागाचं युनिट असतं, आणि ते एसीच्या रिमोटवर वाचतं. २०२० पासून नवे एसी सुरू करताच २४ अंशांवर यावेत असा नियम झाला, तो उगाच नाही. माझ्या घरात मात्र चोवीसवर कुणाचं भागतं यावर अजून एकमत नाही. पंखा चालू ठेवून सव्वीसवरही छान झोप लागते हे मी स्वतः अनुभवलं आहे आणि सगळ्यांना सांगत असते.

दुकानात एसी घेताना आपण तारे मोजतो, तेही नीट बघायला हवेत. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष बदलले तेव्हा आदल्या महिन्यातला पाच तारे असलेला एसी चारवर आला. म्हणून स्टिकरवरचं वर्ष बघायचं, आणि त्याच्या खाली छापलेला वर्षाच्या युनिटांचा आकडा बघायचा. दोन वस्तूंची खरी तुलना त्या आकड्यानेच होते.

आता करमणुकीकडे येते, कारण आमच्याकडे संध्याकाळी साडेसातनंतर जे चालतं ते पाहून कुणालाही वाटेल की वीज इथेच जात असणार. सासूबाई टॅबवर कीर्तन ऐकतात. मुलगा मोबाईलवर मॅच बघतो. नवरा लॅपटॉपवर काहीतरी अर्धवट राहिलेली वेब सिरीज पुढे नेतो. आणि हॉलमधल्या टीव्हीवर एक मालिका चालू असते, जी कुणीच बघत नसतं. माझा आक्षेप फक्त त्या चौथ्या पडद्यावर आहे. मोठा टीव्ही शंभर वॉटच्या घरात जातो, मोबाईलचा पडदा एक-दोन वॉटमध्ये भागवतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२० मधल्या अंदाजानुसार इंटरनेटवरून तासभर काही पाहिलं तर सगळं धरून सरासरी ०.०८ युनिटच्या आसपास वीज लागते. त्यातला सर्वांत मोठा वाटा बघणाऱ्याच्या घरातल्या यंत्राचा असतो. इंटरनेटवरचं सगळं जिथे साठवलेलं असतं त्या डेटा सेंटरचा वाटा त्या मानाने अगदी लहान. तेव्हा मॅच बघणाऱ्या मुलाला विजेवरून बोलण्यात अर्थ नाही. अभ्यासावरून बोलावं, ते वेगळं.

तासाला लहान असलेला हा वाटा कोट्यवधी तासांनी गुणला की काय होतं, ते मात्र मला रोज खिडकीतून दिसतं. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलने दिघा गाव सोडलं, ऐरोली आली, की टीटीसीचा, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीकचा, औद्योगिक पट्टा लागतो. एके काळी इथे रसायनांचे आणि इंजिनीअरिंगचे कारखाने होते, काही अजून आहेत. आता ऐरोली, रबाळे, महापे या भागांत खिडक्या नसलेल्या उंच राखाडी इमारती उभ्या राहिल्या आहेत. गच्चीवर ओळीने कूलिंगची यंत्रं, आवारात डिझेल जनरेटर, आणि आत माणसं थोडी. ही डेटा सेंटरं. आपण ज्याला 'क्लाउड' म्हणतो त्याला पत्ता असतो, पिनकोड असतो आणि विजेची प्रचंड भूक असते. थोडं पुढे घणसोलीला जिओचं मुख्य ठाणं असलेला रिलायन्सचा परिसर. सप्टेंबर २०१६ मध्ये तिथूनच स्वस्त डेटाची लाट निघाली. त्याआधी एक जीबीचं पॅक महिनाभर पुरवून पुरवून वापरणारे आम्ही, रोजच्या दीड जीबीला कमी म्हणायला लागलो. आणि याच ऐरोलीत राज्य भार प्रेषण केंद्र आहे. महाराष्ट्रात या क्षणी किती वीज तयार होतेय आणि किती लागतेय याचा ताळमेळ तिथे सतत घातला जातो. पडदा, डेटा आणि वीज, तिन्हींची सूत्रं एकाच रस्त्यावर आहेत, आणि आम्ही डब्यात मान खाली घालून रील्स बघत त्यावरून जातो.

ही साखळी किती घट्ट बांधलेली आहे ते १२ ऑक्टोबर २०२० ला कळलं. कळवा-पडघा मार्गावरच्या अतिउच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. कोविडचे दिवस होते. मुलाची ऑनलाईन शाळा, माझं घरून काम, सगळं एकदम थांबलं. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. आमच्या इमारतीत मोबाईल सगळ्यांचे चार्ज होते, पण राउटर मेला आणि नेटवर्कही धड लागेना. काही भागांत वीज पूर्ण यायला संध्याकाळ झाली. हातातला फोन स्वतःपुरता पूर्ण आहे असं आपण धरून चालतो. त्या दिवशी तो कळव्याच्या तारांना बांधलेला आहे हे उघड्यावर आलं.

फोनला चालवायला वीज फारशी लागत नाही. मग त्याचा भार कुठे आहे? तो बनवण्यात. ॲपल आपल्या फोनांचे पर्यावरण अहवाल प्रसिद्ध करते. त्यात फोनच्या पूर्ण आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा ८० टक्क्यांच्या आसपास वाटा निर्मितीचा असतो, वापराचा नव्हे. खाणीतून निघणारी खनिजं, चिप घडवणारे कारखाने, हा सगळा खर्च खोका उघडण्याआधीच झालेला असतो. म्हणजे मोबाईलच्या बाबतीत काटकसर करायचीच असेल तर ती एकाच प्रकारे होते: आहे तो फोन जास्त वर्षं वापरायचा. दोन वर्षांनी बदलणार होतो तो पाच वर्षं चालवला, तर सासूबाईंनी जन्मभर काढलेल्या सगळ्या चार्जरपेक्षा ते मोठं काम आहे.

आणि नेमकं हेच करणं अवघड करून ठेवलेलं आहे. गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या फोनचं मागचं झाकण एका कडेने उचललं गेलं. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलाने फोन हातात न घेताच सांगितलं, "मॉडेल जुनं आहे, पार्ट येत नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या." सासूबाईंनी त्याला शांतपणे विचारलं, "बाळा, बिघडलंय काय ते तरी बघ." त्याच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

तिथून आम्ही ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला एका बोळातल्या रिपेअरिंगच्या टपरीवर गेलो. टपरी म्हणजे दीड माणूस मावेल एवढी जागा, वर दिव्याचं भिंग, समोर काचेखाली ओळीने लावलेले फोल्डर म्हणजे सुट्या स्क्रीन, चार्जिंग जॅक आणि बारीक बारीक स्क्रूंच्या डब्या. त्या दादांनी फोन आडवा धरून कड बघितली आणि म्हणाले, "मावशी, बॅटरी फुगलीय. बोर्ड ओके आहे. उशीखाली ठेवून चार्ज करता का?" सासूबाई म्हणाल्या, "छे! मी काढून ठेवते बरं का चार्जर!" दादा हसले. "मग उन्हात, गॅसजवळ राहिला असेल. गरमीने होतं." त्यांनी फोन गरम पाटीवर ठेवला, झाकणाचा गोंद सैल झाल्यावर प्लास्टिकची पातळ पट्टी कडेकडेने फिरवली. आतली बॅटरी उशीसारखी टम्म होती. लोखंडी हत्याराला त्यांनी हातच लावला नाही. "टोचली की पेटते," एवढंच म्हणाले. बॅटरीखाली द्रावणाचे थेंब सोडले, पट्टी सरकवत सरकवत ती सोडवली आणि वाळू भरलेल्या एका डब्यात ठेवली. नवी बसवली, स्क्रीन लागली, सासूबाईंच्या पांडुरंगाचा फोटो दिसला. नव्या फोनच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी पैशांत तो फोन आजही चालतो आहे.

लिथियम बॅटरी काहीशे चार्जनंतर क्षीण होते, हा तिचा धर्म आहे. गाडीचं टायर झिजलं म्हणून आपण गाडी भंगारात घालत नाही. बॅटरी बदलणं तितकंच सरळ असायला हवं. युरोपात २० जून २०२५ पासून तसे नियम लागू झाले आहेत: ८०० चार्जनंतरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट आले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे याचा निर्देशांक कसा असावा यावर नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला. फ्रिजवर जसे तारे असतात तसा एक आकडा मोबाईलच्या खोक्यावर छापलेला मला हवा आहे, आणि तो लवकर हवा आहे. तोवर दुकानात विचारायचे प्रश्न आपल्या हातात आहेत. अपडेट किती वर्षं? काही कंपन्यांनी महागड्या मॉडेलसाठी सात वर्षांचा शब्द दिलाय. स्वस्त फोनांत हा आकडा बराच खाली येतो, आणि बहुतेक ग्राहक स्वस्तच फोन घेतात. कॅमेऱ्याचे मेगापिक्सल विक्रेता आपणहून सांगतो. हे आपल्याला विचारावं लागतं.

विचारून खरेदी करण्याची एक परंपरा ठाण्या-मुंबईच्या मराठी घरांत होती, म्हणून मला याचं जास्त लागतं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली. सासूबाई त्यांच्या गल्लीतल्या संघात होत्या. महिन्याचं सामान एकत्र यायचं, बायका मिळून वाटप करायच्या, हिशेबाची वही फिरायची. डाळ कुठली, तेल कुणाचं, वजन बरोबर आहे का, यावर तिथे चर्चा व्हायची आणि माल वाईट निघाला तर तो परत जायचा. एकट्या गिऱ्हाईकाला दुकानदार ऐकवतो, पन्नास घरांना तो ऐकतो, हे त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. आज आम्ही प्रत्येकजण एकटा, आपापल्या ॲपमध्ये, रात्री अकरा वाजता सेलच्या घड्याळाकडे बघत खरेदी करतो. ओटीटीच्या वर्गणीचंही तेच. पैसे आपोआप कापण्याच्या २४ तास आधी कळवलंच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून आहे. तो मेसेज उघडून वाचला तरी न बघितलेल्या दोन वर्गण्या बंद होतील.

एकत्र खरेदीची संधी आता पुन्हा आली आहे, आणि ती आमच्या गच्चीवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गच्चीवरच्या सौर विजेसाठी पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तिची घरगुती अनुदानं सर्वांना माहीत आहेत: दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये, तीन किंवा त्याहून जास्त असेल तर एकूण ७८,०००. फ्लॅटवाल्यांचा समज असा, की हे बंगलेवाल्यांसाठी आहे. त्याच योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये आहेत, आणि त्यात गाड्यांच्या चार्जिंगचाही समावेश आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्याचे दिवे, या सगळ्यांचं बिल आपणच मेंटेनन्समधून भरतो. दहा किलोवॅटचे पॅनल बसवले तर दिवसाला सरासरी चाळीस युनिट निघतात. जागा लागते हजारेक चौरस फूट.

हा विषय सोसायटीच्या सभेत निघाला तेव्हा दीड तास गेला, आणि तो वेळ सार्थकी लागला असं माझं मत आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "पावसाळ्यात काय करणार?" रास्त प्रश्न. जून ते सप्टेंबर उत्पादन घटतं, म्हणून हिशेब वर्षाचा करायचा, मे महिन्याचा नाही. जास्तीची वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि नेट मीटरवर, म्हणजे येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरवर, जमा होते. एक काकू म्हणाल्या, "म्हणजे आता लाईट गेली तरी लिफ्ट चालू!" इथे सगळ्यांचे चेहरे खुलले, आणि मला ते मोडावं लागलं. जाळ्याला जोडलेली साधी सोलर यंत्रणा लाईट गेली की आपणहून बंद होते. रस्त्यात वायरमन तार जोडत असताना आपल्या गच्चीवरून त्या तारेत करंट गेला तर त्याचा जीव जाईल, म्हणून तशी रचना असते. बॅटरी हवी असेल तर ती वेगळी, आणि तिचा खर्चही वेगळा. विक्रेत्याच्या माणसाने हे सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

मग गच्चीचा प्रश्न. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, डिशच्या जुन्या छत्र्या. आणि दक्षिणेला नवा उंच टॉवर झालाय, त्याची सावली. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा ती गच्चीवर येत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि सावली लांबते. पॅनलच्या एका भागावर सावली पडली तरी त्या ओळीचं उत्पादन बरंच घसरू शकतं. म्हणून सेक्रेटरींनी आणलेलं एकच कोटेशन बाजूला ठेवून तीन मागवायचं ठरलं. सामाईक मीटरची वर्षभराची बिलं काढायची. इन्व्हर्टरची हमी किती वर्षं, पॅनल धुणार कोण, बिघाड झाला तर किती दिवसांत माणूस येणार, हे लेखी घ्यायचं. वही सासूबाईंनी मागून घेतली. प्रश्नांची यादी त्यांच्या अक्षरात आहे.

ठराव अजून झालेला नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन अशा वेळी गच्चीवर खडूने सावलीच्या रेषा मारायच्या आहेत. मुलगा आणि त्याचे मित्र ते करतील, फोटो मोबाईलवर काढतील. त्यावरून किती किलोवॅट बसतात ते कळेल आणि जानेवारीच्या सभेत आकडा मांडता येईल.